मुलगा जामिनावर सुटतोय, पण 'बाहेर आलो की गोळ्या बंद' म्हणतो

ताई, नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा बत्तीस वर्षांचा, स्किझोफ्रेनियाचं निदान जुनं. मधे गोळ्या सुटल्या आणि त्याच काळात त्यानं शेजाऱ्याच्या डोक्यात लोखंडी पाइप घातला. शेजारी वाचले, पण केस झाली आणि मुलगा वर्षाहून जास्त काळ कच्चा कैदी म्हणून आत आहे. आता जामीन मंजूर झालाय, जामीनदाराचे कागद तेवढे व्हायचेत. तुमचे मिस्टर म्हणतात, त्याला घरात घ्यायचं नाही. धाकटीसाठी स्थळं बघणं चालू आहे. आणि मागच्या मुलाखतीला मुलगा तुम्हाला म्हणाला, बाहेर आलो की गोळ्या बंद. म्हणून तुम्ही विचारता, त्याला गोळ्या घ्यायला कसं लावू?

मी मनोविकार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून बरीच वर्षं काम केलंय, सिव्हिलच्या ओपीडीत आणि जेलमध्येही. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. औषधाचा डोस आणि केसचा निकाल या दोन गोष्टींवर माझा शब्द धरू नका. बाकीचं मोकळेपणानं सांगते.

गोळ्यांचा प्रश्न खरा आहे, पण त्याच्या आधी एक प्रश्न येतो. गेटमधून बाहेर आल्यावर तुम्ही त्याच्या कोण असणार आहात? वर्षभर त्याच्यावर कुणाची तरी नजर होती. कधी उठायचं, कधी जेवायचं, कधी गोळी गिळायची, सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं. घरी आल्यावर हेच काम आईनं हातात घेतलं, तर गोळी ही आजारावरची गोळी राहत नाही, ती शिक्षेचाच पुढचा भाग होते. म्हणून माझा सल्ला असा, की पहाऱ्याचं काम जितकं घराबाहेर देता येईल तितकं द्या. दवाखाना, इंजेक्शन देणारी नर्स, कोर्टाची तारीख, वकील, एखादा मामा किंवा काका. ही माणसं तो सुटायच्या आधी ठरलेली हवीत. सुटल्यानंतर ठरवायला लागलात तर ती सगळी कामं आपोआप तुमच्याच अंगावर येतात.

हे मी नुसतं अनुभवावरून म्हणत नाही. १९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाला एक विचित्र गोष्ट आढळली. मनोरुग्णालयातून सुटून आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेले पेशंट, भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडत होते. पुढे वीस-पंचवीस वर्षं यावर काम झालं आणि तीन गोष्टी पुढे आल्या: सतत टीका, राग-तिरस्कार आणि काळजीपोटी माणसाला श्वासही न घेऊ देणं. अशा घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त वेळ समोरासमोर गेला, तर आजार उलटण्याचं प्रमाण वाढत होतं. १९८०च्या दशकात चंदीगडमध्ये हाच अभ्यास झाला, तेव्हा आपल्याकडच्या घरांत टीकेचा सूर लंडनपेक्षा बराच कमी निघाला. म्हणजे आपल्या घरांची मुळातली ताकद चांगली आहे. पण तुमच्या घरात पोलीस येऊन गेलेत, वकिलाला पैसे गेलेत, गल्लीत मान खाली गेली आहे. अशा घरात टीकेचा सूर आपोआप चढतो. त्यात कुणी वाईट नसतं.

आता या पंधरा दिवसांत काय करायचं ते. सगळ्यात आधी जामिनाचा आदेश वकिलाकडून घ्या आणि अटी शब्दन् शब्द वाचून घ्या. मारहाणीच्या केसमध्ये बऱ्याचदा अट असते, की फिर्यादीच्या संपर्कात यायचं नाही, कधी कधी त्या गावाच्या किंवा पोलीस ठाण्याच्या हद्दीत यायचं नाही. तुमचे फिर्यादी तर भिंतीला भिंत लागून राहतात. अशी अट असेल तर 'घरी आणायचं की नाही' हा नवरा-बायकोचा वाद तिथंच संपला, कारण आणताच येणार नाही. हे न बघता मुलाला थेट घरी आणल्यामुळे जामीन रद्द व्हायची वेळ आलेली मी पाहिली आहे. पोलीस ठाण्यात हजेरीची अट असेल तर वार आणि वेळ लिहून घ्या.

जामीनदार मिळत नसेल तर दलालाच्या मागे लागू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, हेल्पलाइन १५१००. कोठडीतल्या माणसाला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट त्याला लागत नाही. जामीन मंजूर होऊनही कैदी आत अडकून राहिला तर काय करायचं, याच्या सूचना सर्वोच्च न्यायालयानं ३१ जानेवारी २०२३ला दिल्या आहेत. सात दिवसांत सुटका झाली नाही तर जेलच्या अधीक्षकांनी प्राधिकरणाला कळवायचं असतं. महिनाभरात जामीनदार आला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं.

वकिलाला एक गोष्ट आवर्जून सांगा: कागद शक्यतो सोमवारी-मंगळवारी सादर करा. सुटकेचा आदेश जेलला संध्याकाळी ठरावीक वेळेपर्यंत पोचावा लागतो, नाहीतर दुसरा दिवस उजाडतो. शुक्रवारी रात्री सुटलेल्या मुलाला बऱ्याचदा सोमवारपर्यंत मानसोपचारतज्ज्ञ भेटत नाहीत, आणि तेवढ्यात गोळ्या चुकलेल्या असतात. पण सोयीचा दिवस गाठायचा म्हणून त्याला आठवडा-आठवडा आत ठेवू नका. तो माणूस आहे आणि त्याला जामीन मिळालाय.

मग जेलच्या दवाखान्याचे कागद. अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज करा, की मुलाला कोणती औषधं, किती डोसमध्ये, कधीपासून चालू आहेत आणि शेवटचं इंजेक्शन कधी दिलं, याची नोंद सुटकेच्या वेळी सोबत द्यावी. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज. त्यावर मुलाची सही असेल तर काम सोपं होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे त्याची माहिती त्याच्या खासगी मालकीची आहे, तुम्ही आई असलात तरी. त्याच कायद्यात 'नामनिर्देशित प्रतिनिधी' नेमण्याची सोय आहे. साध्या कागदावर त्यानं 'माझ्या उपचारांच्या बाबतीत अमुक व्यक्ती माझा प्रतिनिधी' असं लिहून सही किंवा अंगठा द्यायचा, आणि त्या व्यक्तीनंही मान्यतेची सही करायची. हे तो बरा असताना, शांत असताना करून घ्या. आणि प्रतिनिधी कोण, हे त्यालाच ठरवू द्या. त्यानं तुमच्याऐवजी मामाचं नाव घेतलं तर मनाला लावून घेऊ नका. माझ्या मते मामा असलेलंच बरं.

सिव्हिलच्या मनोविकार ओपीडीत आत्ताच जाऊन या, मुलाला न घेता. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम तिथंच बसते. मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी असतात, तालुक्याला कधी येतात, औषधं मोफत कोणती मिळतात ते विचारा. जुने केसपेपर दाखवा. सुटकेच्या दुसऱ्या दिवशी येतो असं सांगून ठेवा.

आता गोळ्या. त्याला 'घेणार नाही' असं का वाटतं, हे तुम्ही त्याला विचारलंय का? मला ज्यांनी ज्यांनी हे उत्तर दिलं, त्यांची कारणं वेगवेगळी होती. कुणाला गोळीनं हात थरथरतात, जीभ जड होते, दिवसभर झोप येते. कुणाचं वजन पंधरा किलोनं वाढलेलं. कुणाला पुरुष म्हणून जी अडचण येते ती आईसमोर सांगता येत नाही. कुणाला वाटतं, गोळी घेतली म्हणजे आपण वेडे हे कबूल केलं. पहिल्या तीन कारणांना औषध आहे: गोळी बदलता येते, डोस कमी करता येतो, वेळ बदलता येते. चौथ्या कारणाशी भांडू नका. 'तुला आजार आहे' हे त्याच्याकडून वदवून घेणं हे उपचाराचं उद्दिष्टच नाही. आजार मान्य नसलेली पण झोप लागते म्हणून वर्षानुवर्षं गोळी घेणारी माणसं आहेत. त्याला झोप लागत नव्हती, डोक्यात कलकलाट होत होता, हे त्याचं त्यालाही आठवत असतं. तेवढ्यावर बोलणं होऊ शकतं.

महिन्यातून एकदा किंवा दोनदा घ्यायचं इंजेक्शन हा तुमच्यासारख्या घरांना मोठा आधार असतो. फ्लुफेनाझिन किंवा हॅलोपेरिडॉलचं डेपो इंजेक्शन, म्हणजे ज्याचं औषध अंगात हळूहळू उतरत राहतं असं, बऱ्याच सरकारी दवाखान्यांत असतं. ते सगळ्यांना चालत नाही, काहींना अंग आखडण्याचा त्रास होतो, म्हणून निर्णय डॉक्टरांचा आणि त्याचा. पण चाललं तर 'गोळी घेतलीस का' हे वाक्य घरातून जातं, आणि माझ्या अनुभवात निम्मी भांडणं याच एका वाक्यावरून होतात. इंजेक्शन नको म्हणाला तर गोळी एकाच ठरलेल्या वेळी, एकाच माणसानं, एकदाच विचारायची. चुकली तर आरडाओरडा न करता वहीत नोंद करा आणि ओपीडीत दाखवा.

आमटीत किंवा चहात गोळी मिसळून देऊ नका. घरोघरी हे चालतं हे मला माहीत आहे, आणि हतबल झालेल्या आईला मी नावं ठेवत नाही. पण 'माझ्या जेवणात काहीतरी घालतात' असा संशय ज्याच्या आजाराचाच भाग आहे, त्याला एकदा पांढरा चुरा दिसला की तो संशय खरा ठरला. मग तो तुमच्या हातचं पाणीही पीत नाही.

कपाटातल्या जुन्या स्ट्रिप्सबद्दल बोलायचं राहिलं. त्या घेऊन सिव्हिलला जा, त्यातलं काही स्वतःहून सुरू करू नका. विशेषतः क्लोझापिन असेल तर, म्हणजे इतर गोळ्यांनी गुण आला नाही की देतात ती. ती गोळी दोन दिवसांहून जास्त चुकली की जुन्या डोसवर थेट परतता येत नाही, अगदी थोड्यापासून पुन्हा चढवत न्यावी लागते आणि रक्त तपासत राहावं लागतं. लिथियम असेल तर तेही रक्ताची पातळी बघूनच.

आता तुमच्या मिस्टरांचं म्हणणं. त्यांना घाबरट किंवा निष्ठुर म्हणू नका. घरात घ्यायचं की नाही हे खरंच परिस्थितीवर आहे. मी तीन गोष्टी बघते. मागच्या हिंसेच्या वेळी दारू किंवा गांजा होता का? आजाराच्या भरात त्यानं घरातल्या एखाद्या माणसाचं नाव घेऊन धमकी दिली होती का? आणि घरातल्या कुणाला रात्री त्याच्यासोबत एका छताखाली झोप लागणार नाही, अशी भीती आहे का? यातल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल, तर पहिले काही महिने त्याला दुसरीकडे ठेवणं शहाणपणाचं. दुसरीकडे म्हणजे टाकून देणं नव्हे. गावातच किंवा शेजारच्या गावात खोली, डबा घरून, आठवड्यातून दोनदा भेट. आधीचा ३५ तासांचा आकडा आठवा, अंतरामुळे नातं टिकतं असं मी पुष्कळ घरांत पाहिलंय.

पुनर्वसन केंद्र किंवा हाफवे होम, म्हणजे दवाखाना आणि घर यांच्या मधला निवारा, शोधत असाल तर नोंदणी बघितल्याशिवाय पैसे भरू नका. मानसिक आजाराच्या माणसाला ठेवून उपचार करणाऱ्या संस्थेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. 'तिथं नीट करतात, हात उगारला तरी चालतं' अशी ख्याती असलेल्या ठिकाणी जाऊच नका. साखळीनं बांधणं कायद्यानं पूर्ण बंद आहे. ६ ऑगस्ट २००१ला तमिळनाडूत एरवाडी इथं एका आश्रमाला आग लागली, तेव्हा बांधून ठेवलेल्या २८ जणांना पळताही आलं नाही. मुंबई-ठाण्याकडे असाल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९०पासून सुटलेल्या कैद्यांबरोबर काम करतोय. पुण्यात 'सा' म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन पालकांचे गट चालवते. त्या गटात तुम्ही जा, मुलगा येवो न येवो. मिस्टरांना आधी न्या.

पहिले पंधरा दिवस सगळ्यात नाजूक. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात तीस हजारांहून जास्त सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर लोकांच्या जवळपास १३ पट निघाला. तिथं नशेचा अतिरेक हे मोठं कारण होतं. आपलं चित्र वेगळं आहे, पण एक गोष्ट इथंही लागू: आत असताना नशा सुटलेली असते, शरीराची सवय गेलेली असते, आणि बाहेर आल्यावर माणूस जुन्याच मापानं घेतो. आत्महत्येचा धोकाही याच दिवसांत. तुमची शेती आहे असं तुम्ही लिहिलंय. फवारणीचं औषध, तणनाशक, उंदराची पुडी, सगळं तो यायच्या आधी घरातून आणि गोठ्यातून हलवा, भावकीत कुणाकडे तरी कुलपात ठेवा. 'त्याला काय वाटेल' याचा विचार इथं करू नका. आणि मरणाचा विषय निघाला तर सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही. रात्री-अपरात्री टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलतात, फुकट आहे.

पहिल्या दिवशी गेटवर दोघंच जा. गाडीभर नातेवाईक, ओवाळणं, गावात सत्यनारायण, यातलं काही नको. तो जेवण भराभर संपवेल, भाकरी उशाखाली ठेवेल, दिवा लावून झोपेल, बाहेर जाताना 'जाऊ का?' विचारेल. बराकीत रात्रभर दिवा चालू असतो, तिथल्या सवयी आहेत या, आजाराची लक्षणं नव्हेत. काही आठवड्यांत उतरतात. 'आत काय झालं' हे विचारू नका, तो सांगेल तेव्हा ऐका. डोक्यातल्या आवाजांबद्दल बोलला तर 'असं काही नसतं' म्हणू नका आणि 'हो, मलाही येतो' असंही नको. 'तुला त्रास होतोय हे दिसतंय' एवढं पुरतं.

आजार उलटायची चाहूल प्रत्येकाची वेगळी असते. घटनेच्या आधीचा महिना तुम्ही तिघं बसून आठवा आणि लिहून काढा. झोप कधी गेली, अंघोळ कधी बंद झाली, कुणावर संशय घ्यायला लागला, मोबाइल फोडला का, खिडक्या लावून बसायचा का. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की ओपीडीची तारीख येईपर्यंत थांबायचं नाही. वेळ हाताबाहेर गेली तर ११२ आणि १०८. मिस्टरांना हेही सांगा, की आता भरती करायला कोर्टाचा हुकूम लागत नाही. माणूस स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका असेल, तर प्रतिनिधीच्या अर्जावर आणि दोन तज्ज्ञांनी तपासल्यावर ३० दिवसांपर्यंत भरती करता येतं. प्रतिनिधीचा तो कागद इथं कामाला येतो.

शेजाऱ्यांकडे माफी मागायला जाऊ का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. मन मोठं आहे तुमचं, पण वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नका. केस चालू असताना फिर्यादीच्या दारात जाणं म्हणजे साक्षीदारावर दबाव, असा अर्थ काढता येतो. पोलीस पाटलांच्या किंवा दोघांच्याही विश्वासातल्या माणसाच्या मार्फत 'मुलगा सुटतोय, उपचार चालू आहेत, तुमच्या वाटेला येणार नाही याची काळजी आम्ही घेऊ' एवढा निरोप जाऊ शकतो का, ते वकिलाला विचारा. त्यांच्या डोक्याला टाके पडलेत, त्यांचीही बाजू भीतीचीच आहे.

धाकटीच्या लग्नाचं. भाऊ आजारी आहे हे लपवून ठरवलेलं लग्न पुढे तिलाच जड जातं, कारण गाव बोलतंच. बैठकीच्या पहिल्याच दिवशी सगळं उघडं करा असं मी म्हणत नाही, पण होकार यायच्या आत मुलाकडच्यांना कळायला हवं. काही स्थळं जातील. जाऊ द्या. आणि 'आमच्या मागे तूच त्याला बघायचं' हे तिच्याकडून आत्ता वदवून घेऊ नका. कुणीतरी तुम्हाला लवकरच सुचवेल, की मुलाचंही दोनाचे चार करा, सुधारेल. त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावा.

केसबद्दल एकच. वेडाच्या भरात केलेल्या कृत्याचा बचाव कायद्यात आहे, पण तिथं प्रश्न असतो तो घटनेच्या वेळी त्याची मनःस्थिती काय होती याचा. म्हणून आजचं सर्टिफिकेट जितकं कामाचं, त्याहून जास्त कामाचे घटनेच्या आधीचे केसपेपर, औषधांच्या पावत्या, भरतीचे कागद. सगळ्यांच्या झेरॉक्स काढून एक संच वकिलाकडे द्या, मूळ प्रती कुणाच्याही हातात देऊ नका. पुढची तारीख चुकली तर वॉरंट निघतं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. तारखा वहीत लिहायचं काम मिस्टरांना द्या. 'घरात घेणार नाही' म्हणणाऱ्या वडिलांना ही एक जबाबदारी पेलते, आणि मुलालाही दिसतं की बाप कोर्टात सोबत येतो.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि संजय गांधी निराधार योजना हे दोन-तीन महिन्यांनी बघा, आधी त्याला स्थिर होऊ द्या. ४० टक्के किंवा जास्त असेल तर पुष्कळ दारं उघडतात, तेव्हा सविस्तर सांगेन.

तूर्त मला तीन गोष्टी कळवा: जामिनाच्या अटी, चालू औषधांची नावं आणि घटनेच्या वेळी दारू-गांजा होता का. त्याला घरी आणावं की खोलीवर ठेवावं, हे त्यानंतर नेमकेपणानं बोलता येईल. जेलमधल्या अर्जाचा मसुदा हवा असेल तर तोही लिहून देते, पोच घेण्यासाठी दोन प्रती मात्र तुम्ही करा.